सुलोचनाअक्कांचे चौकोन

आमच्या केंद्रात नवीन माणूस रुजू झाला की सुलोचनाअक्का त्याच्या टेबलापाशी स्टूल ओढून बसायच्या आणि विचारायच्या, "सकाळी आल्या आल्या काय बघावं वाटतंय तुमाला?" माणूस गोंधळायचा. एकानं तर चहा म्हणून सांगितलं होतं. अक्का हसल्या नाहीत. "चहा मिळंल. पाऊस बघणार, वारा बघणार, का विहिरीचं पाणी?" असं म्हणत त्यांनी चित्रकलेची वही उघडली होती आणि त्याच्या नावाचं कोरं पान काढलं होतं.

कर्नाटकातल्या हुमनाबादजवळच्या त्या छोट्या संशोधन केंद्रात मी आवक-जावक सांभाळायचे. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, सही करायची, नोंद करायची आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवायचा. अक्का माझ्या आधीपासून तिथं होत्या. मूळच्या हळ्ळीखेडच्या. कुंपणातल्या पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी साडेआठला मोजायचं, तापमापक वाचायचे आणि रजिस्टरात लिहायचं, या कामावर त्या लागलेल्या. पंचेचाळिशी ओलांडल्यावर त्या मोबाईलवरचे व्हिडिओ बघत प्रोग्रामिंग शिकल्या. कुणी सांगितलं नव्हतं. आकडे सगळीकडं विखुरलेत याचा त्यांना राग यायचा, एवढंच कारण.

आकडे खरंच विखुरलेले होते. गावागावांतल्या विहिरींत पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं बसवली होती, शेतांत मातीची ओल मोजणारी. पाऊस एका रजिस्टरात, वारा दुसऱ्या संगणकात, विहिरी तिसऱ्याच माणसाच्या ताब्यात. बसवकल्याणकडच्या एखाद्या विहिरीचं पाणी विचारायला कुणाचा फोन आला की तीन खोल्या फिराव्या लागत. अक्कांनी या सगळ्याचं एक वेबपान करायला घेतलं. प्रत्येक आकड्याचा, प्रत्येक आलेखाचा एक वेगळा चौकोन. तो चौकोन बोटानं उचलायचा, पाहिजे तिथं ठेवायचा, लहान-मोठा करायचा, नको असला तर काढून टाकायचा. प्रत्येकाचं पान प्रत्येकाच्या मर्जीचं. डॅशबोर्ड, विजेट हे शब्द साहेबांच्या खोलीत. अक्का पानाला फळा म्हणायच्या आणि विजेटला चौकोन.

संगणकाला हात लावण्याआधी त्यांनी जुन्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे कागद कापून चाळीसेक चौकोन केले. कोऱ्या बाजूला लिहिलं: कालचा पाऊस, वाऱ्याची दिशा, मुडबीची विहीर, असं. जेवणाच्या टेबलावर ते पसरून एकेकाला बोलावलं. मातीचे शास्त्रज्ञ हिरेमठ सर आले आणि म्हणाले, "मला सगळंच लागतं." त्यांनी चाळीसच्या चाळीस कागद मांडले. अक्का बघत होत्या. मग म्हणाल्या, "सर, आता कालचा पाऊस दाखवा बघू." सर शोधायला लागले. वाकून, चष्मा वर करून, पुन्हा खाली करून. आम्ही डबे हातात धरून उभे. शेवटी सरांनी स्वतःच हसत कागद उचलायला सुरुवात केली. टेबलावर सहा उरले. अक्कांनी वहीत त्या सहांचं चित्र काढून घेतलं.

त्यांचा डबा मात्र त्या टेबलावर कधी आला नाही. ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी, स्वतःच्या जागेवर, खिडकीकडं तोंड करून. मी सुरुवातीला दोन-तीनदा बोलावलं. "तुमी बसा, मी हिथंच बरी हाय," म्हणाल्या. मग मीही सोडून दिलं. त्या जेवताना पडद्याशी बोलायच्या. चिडल्या की कन्नडमधून, काही जमलं की मराठीत. चौकोन एकमेकांवर पडायचे, तेव्हा पंधरा दिवस नुसतं कन्नड ऐकू येत होतं. एक चौकोन ठेवला की त्याच्या जागेवरचा दुसरा कुठंतरी खाली पळून जायचा. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "मंगल, हे बघ. आता ह्यो शेजारी सरकायलाय. पळून जायना गेला." आणि तो चौकोन त्यांनी मला दहा वेळा सरकवून दाखवला.

मुडबीचे माणिकअप्पा आमच्या खात्यातले नव्हते. त्यांच्या विहिरीत आमचं यंत्र होतं. सत्तरीतला ताठ म्हातारा. अक्का त्यांच्या मोबाईलवर फळा लावून द्यायला गेल्या तेव्हा मी सोबत होते. विहिरीच्या काठावर बसून अप्पांनी फोन लांब धरला आणि म्हणाले, "बाई, हे मीटर मला कळत न्हाई. पाणी किती हातावर हाय तेवढं सांग."

"कुणाच्या हातावर, अप्पा?"

"माझ्या. विहीर कुणाची हाय?"

अक्कांनी पिशवीतून टेप काढली आणि अप्पांचा हात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजला. दोनदा. पुढच्या आठवड्यात अप्पांच्या फळ्यावर एकच चौकोन होता आणि त्यात लिहिलेलं होतं: बावीस हात. केंद्रातल्या बैठकीत यावर खूप हशा झाला. शास्त्रीय माहिती हातात मोजायची का, असं कुणीतरी विचारलं. अक्का म्हणाल्या, "आत मीटरच हायेत, सर. अप्पांच्या पानावर तेवढे हात दिसायलेत. त्यांना कळायलंय ना?" नंतर आणखी पाच-सहा जणांनी हाताचा चौकोन मागून घेतला.

फळा चालू झाल्यावर अक्कांना एक सवय लागली. सकाळी आल्यावर त्या आधी पाऊस बघत नसत. आज कुणी कुणी फळा उघडला त्याची यादी बघत. चाळीस-बेचाळीस नावं असायची. "हिरेमठ सर आज लवकर उठलेत." "भालकीच्या मास्तरांनी तीनदा उघडलंय, कामून बरं?" सासरहून आलेल्या लेकीनं गल्लीची खबर घ्यावी तसं चालायचं. मला ते तेव्हा गमतीचं वाटायचं. अक्कांचं लग्न झालेलं नव्हतं. आईला सांभाळता सांभाळता राहून गेलं, असं लोक म्हणत. आई गेली, दोन्ही भाऊ परगावी, हळ्ळीखेडच्या घराला कुलूप. हुमनाबादेत एका पिठाच्या गिरणीच्या मागं त्यांची भाड्याची खोली होती. तिथं मी एकदाच गेले. एक खुर्ची होती. ती त्यांनी मला दिली आणि स्वतः उभ्याच राहिल्या.

एकदा माणिकअप्पांचं नाव सलग आठ दिवस यादीत दिसलं नाही. नवव्या दिवशी अक्कांनी रजेचा अर्ज माझ्याकडं दिला, कारण लिहिलं होतं: घरगुती. मला राहवलं नाही, मीही निघाले. मुडबीला पोचलो तर अप्पा ओसरीवर बसलेले, ठणठणीत. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. फोन घेऊन काय करू, दिसतच न्हाई, म्हणाले. अक्का तिथंच, ओसरीवर, आपल्या लॅपटॉपवर खटपट करत तासभर बसल्या. मग अप्पांचा फोन त्यांच्या हातात दिला. अख्ख्या पडद्यावर फक्त एक आकडा, काठापासून काठापर्यंत. अप्पांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब केला. म्हणाले, "येवढं मोठं तर माझं नावबी कुणी लिव्हलं न्हाई गं पोरी."

परतीच्या बसमध्ये अक्का खूश होत्या. बराच वेळ बाहेर बघत बसल्या आणि मग सहज म्हणाल्या, "आई होती तवर मी बसमधनं उतरले का न्हाई हे बघायला ती दारात असायची. आता मी रस्त्यात ऱ्हायले तर कुणाला कधी कळंल, सांग बरं?" मी काहीतरी उत्तर दिलं असेल. आठवत नाही. माझं लक्ष पोरींच्या शाळा सुटायच्या वेळेकडं होतं.

एका सकाळी सगळ्यांची मांडणी पुसली गेली. कुणी काय कुठं ठेवलं होतं ते साठवणारी फाईलच बिघडली होती. ज्यानं त्यानं फळा उघडला तर सगळ्यांचं पान एकसारखं. फोनवर फोन. अक्कांनी चित्रकलेची वही काढली. मघाशी मी सांगितलं त्या वहीत त्यांनी प्रत्येकाच्या पानाचं चित्र काढून ठेवलं होतं आणि कुणी काही बदललं की खोडून नव्यानं काढत होत्या. दिवसभर बसून त्यांनी बेचाळीस माणसांचे चौकोन एकेक करून हातानं परत लावले. वही बंद असताना मी गंमत म्हणून विचारलं, "हिरेमठ सरांचा वारा कुठंय?" "उजवीकडं, वर. खाली ओल. ओलीचा रंग त्यांना निळा चालत न्हाई." बघितलं तर बरोबर होतं.

मग बेंगळुरूहून मोठे अधिकारी येणार असल्याचं पत्र आलं. फळा बघायला येणार होते. आमचे साहेब चार दिवस आधीपासून फरशी पुसून घेत होते. ते मूळचे सोलापूरकडचे, आमच्याशी मराठीतच बोलायचे. आदल्या दिवशी त्यांनी फळा स्वतः उघडून पाहिला आणि एका विहिरीच्या आलेखापाशी थांबले. रेघ मधेच तुटलेली होती. एकोणीस दिवस काहीच नाही, मग पुन्हा रेघ.

"हे काय?"

"यंत्र बंद होतं, सर. उंदरांनी वायर खाल्ली."

"मग मधली जागा जोडून टाका. दोन्ही टोकं धरून सरळ रेघ. प्रोग्राम करतो ना तसं?"

"करतो," अक्का म्हणाल्या. "पण मोजलंच न्हाई तर रेघ कशाची ओढू?"

"दिसायला वाईट दिसतंय, मॅडम."

"व्हय, सर. वाईटच झालंय ते."

साहेबांनी पुढचा आलेख उघडला. ते त्यांनी मान्य केलं असं आम्हाला वाटलं. दुसऱ्या दिवशी खोली भरलेली. अक्कांनी नवी इस्त्रीची साडी नेसली होती. पाहुण्यांनी चौकोन उचलून इकडचे तिकडं ठेवले, एकानं तर लहान मुलासारखे भराभर सरकवले, सगळे खूश. मग त्यातल्या एका बाईंनी तुटलेल्या रेघेवर बोट ठेवलं. अक्कांनी सरळ सांगितलं. यंत्र बंद पडलं, एकोणीस दिवस. बाईंनी विचारलं, एवढे दिवस का लागले? इथं अक्का थांबायला हव्या होत्या. त्या म्हणाल्या, "वायर मागवायचा अर्ज तिसऱ्याच दिवशी दिला होता. साहेबांच्या टेबलावर होता."

साहेबांनी मान वळवली ती अक्कांकडं नाही, माझ्याकडं. "मंगलबाई, असा काही अर्ज आवक झाला होता का?"

झाला होता. मी शिक्का मारला होता, सही केली होती, माझ्या हातानं त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला होता. माझी नोकरी कंत्राटी होती, दर अकरा महिन्यांनी साहेबांच्या सहीनं चालू राहणारी. मी म्हणाले, "बघावं लागंल, सर."

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. रजिस्टरात एखादा आकडा चुकीचा वाटला की बघायच्या तसं, जरा थांबून. मग त्या पाहुण्यांकडं वळल्या आणि पुढचा चौकोन दाखवायला लागल्या.

दोन महिन्यांत त्यांची बदली अफजलपूरला झाली. भीमेच्या काठावर आमच्या खात्याची एक खोली आहे, तिथं नदीची पातळी मोजायची. एकटं माणूस पुरतं. जाताना अक्कांनी सगळ्यांच्या टेबलापाशी जाऊन निरोप घेतला. माझ्याही. "लेकींना सांभाळ," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मला काढता आला नाही.

मग एका कंपनीकडून नवा डॅशबोर्ड आला. रंगीत, झकपक. सगळ्यांना एकच पान, चौकोन जागचे हलत नाहीत. तुटलेल्या रेघा आपोआप जोडलेल्या येतात. अक्कांचा फळा बंद करा असं कुणी म्हटलं नाही, कारण तो कोपऱ्यातल्या एका जुन्या संगणकावर चालू आहे हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. अफजलपूरहून त्या अधूनमधून फोन करायच्या. "आज सोळा जणांनी उघडलं." पुढं, "सात." मग, "अप्पा आन् अजून दोघं." त्या हिवाळ्यात माणिकअप्पा वारले. त्यानंतर अक्का आकडा सांगायच्या बंद झाल्या.

मी तेव्हापासून रोज सकाळी कामावर बसायच्या आधी फळा उघडायला लागले. मला त्यातलं काही बघायचं नसायचं. यादीत एखादं नाव दिसावं, एवढ्यासाठी. घरच्या फोनवरून धाकट्या लेकीच्या नावानं उघडायचे, म्हणजे अक्कांना मी आहे हे कळू नये. हे दोन वर्षं चाललं. मग एकदा मला ताप आला, तीन दिवस उठता आलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"बरी हायेस ना गं?"

"ताप होता, अक्का. तुमाला कुणी सांगितलं?"

मग त्या म्हणाल्या, "कुणी न्हाई." आणि पुढं, "मंगल, आता बंद कर तो संगणक. आकडे तेवढे उतरवून घे. उगं माझ्यासाठी उघडत बसू नको."

मी आकडे उतरवून घेतले आणि बटण दाबलं. कोपऱ्यातला पंख्याचा बारीक आवाज थांबला. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं मान वर करून बघितलं, काय बदललं ते त्याला कळलं नाही, आणि तो पुन्हा कामाला लागला.

त्यांच्या निवृत्तीला दोन आठवडे उरले असताना मी अफजलपूरला गेले. कलबुर्गीत बस बदलून, दोन्ही बाजूंच्या उसातून. अक्का वाळल्या होत्या, केस पूर्ण पांढरे झाले होते. खोलीत एक टेबल, नदीच्या पातळीचं रजिस्टर आणि कपाटात फायली. नव्या माणसाला द्यायच्या म्हणून त्या लावत होत्या, मी हात लावला. एका फायलीत मला आमच्या केंद्राचा शिक्का दिसला. वायर मागवायच्या अर्जाची झेरॉक्स. तारीख, शिक्का आणि खाली माझी सही.

"अक्का, हे तुमच्यापाशी होतं?"

"व्हय."

"कवापासून?"

"अर्ज दिला तवाच काढली. माझी सवय हाय ती."

"म्हणजे त्या दिवशीबी..."

"पिशवीत होती." त्या फायलीची दोरी बांधत होत्या, वर बघितलं नाही.

"मग दाखवली कामून न्हाई? तुमची बदली झाली नसती!"

"दाखवली असती तर तू सगळ्यांदेखत खोटी पडली असतीस. वर साहेबांनी तुझ्या नोकरीचा कागदबी पुढं केला नसता." गाठ मारून त्यांनी फाईल कपाटात सारली. "नदी मोजायला काय वाईट हाय? रोज पाणी असतंय."

मी तिथं बरंच रडले. त्यांनी मला गप्प केलं नाही, जवळ घेतलं नाही. स्टोव्हवर चहा ठेवला आणि माझ्याकडं पाठ करून तो उकळेपर्यंत उभ्या राहिल्या. मी माफी मागितली का? मागितली. त्या "बरं" म्हणाल्या.

निवृत्तीनंतर कुठं राहणार, हे मी विचारलं. हळ्ळीखेडचं घर पडायला आलं होतं. भाऊ बोलावत होते का, ते त्यांनी सांगितलं नाही. बघू, म्हणाल्या. माझ्याकडं चला, असं मी म्हणाले आणि म्हणतानाच मला कळलं की त्या येणार नाहीत.

तीन वाजता त्या मला सोडायला स्थानकावर आल्या. कलबुर्गीची बस लागलेलीच होती. मी चढले, खिडकीतून हात केला, त्यांनीही केला. बस मागं घेत, वळत, फेरा घालून फाटकाकडं निघाली आणि वाटेत एक ट्रॅक्टर आडवा आल्यानं थांबली. मला वाटलं होतं अक्का एव्हाना गेल्या असतील. त्या बाकावर बसल्या होत्या, सोलापूरच्या बसची वाट बघणाऱ्या बायकांमध्ये, पिशवी मांडीवर धरून. शेजारच्या बाईनं काहीतरी विचारलं आणि अक्का तिच्याकडं पूर्ण वळून, हात हलवून बोलायला लागल्या. तेवढ्यात सोलापूरची बस आली. बायका उठून धावल्या. अक्काही उठल्या, त्या बाईचं गाठोडं उचलून दारापर्यंत गेल्या आणि वर दिलं. ती बस दुसऱ्या फाटकानं निघून गेली, आमची अजून अडकलेलीच, आणि अक्का बाकापाशी परत आल्या. सगळा बाक रिकामा होता. त्या एका कडेला, शेजारी कुणी बसेल एवढी जागा सोडून बसल्या.